तीन तारखा, तीन बहार : परभणीच्या कृषी विद्यापीठातील हंगामी मेळावे आणि बागकामाचे प्रशिक्षण

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वार्षिक कार्यक्रमात तीन दिवस शेतकऱ्यांसाठी राखलेले आहेत. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, म्हणजे १८ मे रोजी, खरीप पीक शेतकरी मेळावा भरतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, रबी पीक शेतकरी मेळावा होतो. आणि सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीस, म्हणजे ३ जानेवारीला, महिला शेतकरी मेळावा घेतला जातो. या मेळाव्यांची आणि त्यांच्याभोवती वाढत गेलेल्या प्रशिक्षणाची हकीगत प्रस्तुत लेखात मांडली असून त्यातही फळबाग आणि भाजीपाला या अंगांकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण कोरडवाहू मुलखात एखादे हंगामी पीक गेले तर शेतकऱ्याचे एक वर्ष जाते, परंतु बाग वाळली तर तिच्यात गुंतवलेली आठ-दहा वर्षे एकदम जातात, आणि म्हणूनच योग्य वेळी मिळालेल्या सल्ल्याचे मोल बागायतदाराइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असते.

प्रथम या प्रदेशाचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. परभणी जिल्हा रूढ अर्थाने वाळवंट नव्हे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या त्यातून वाहतात, जायकवाडीचा डावा कालवा आणि येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी काही तालुक्यांपर्यंत पोहोचते, आणि जमीन बव्हंशी काळी, खोल व कसदार आहे. तथापि पावसाचे जवळजवळ सर्व पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते, त्या चार महिन्यांतही दोन-तीन आठवड्यांचे खंड पडतात, आणि उरलेले आठ महिने जमिनीतून व पानांतून होणारे बाष्पीभवन येणाऱ्या पाण्याहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे मार्च ते मे या काळात विहिरी तळाला गेलेल्या शिवारात उभ्या झाडाची स्थिती वाळवंटातील झाडाहून फारशी निराळी राहत नाही. अशा शेतीला ‘कोरडवाहू’ म्हणतात, म्हणजे ओलिताची शाश्वत सोय नसलेली आणि पडेल त्या पावसावर चालणारी शेती. आणि जेथे पावसाची तूट वरचेवर येते त्या भागाला ‘अवर्षणप्रवण’ ही संज्ञा शासकीय व्यवहारात वापरली जाते. काळी जमीन पाणी धरून ठेवते खरी, पण वाळताना ती आकसते, तिला खोल भेगा पडतात, त्या भेगांतून उरलेली ओल निघून जाते आणि झाडांची बारीक मुळे तुटतात. उलट पावसाळ्यात तीच जमीन चिबडते, म्हणजे तिच्यातील जादा पाण्याचा निचरा होत नाही, आणि मोसंबीसारख्या झाडाची मुळे कुजू लागतात. एकाच झाडाला मे महिन्यात पाण्याअभावी आणि ऑगस्टमध्ये पाण्यापायी मरण येऊ शकते, हे मराठवाड्यातील बागकामाचे मूळ दुखणे असून येथील सर्व प्रशिक्षणाचा रोख त्याच्याकडेच राहिला आहे.

निजामी राजवटीत कृषी शिक्षणाची सोय केवळ हैदराबादेस होती, मात्र ज्वारी, कापूस आणि फळे यांवरील संशोधनाची केंद्रे मराठवाड्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि १९५६ साली, राज्यपुनर्रचनेच्या वर्षातच, परभणीस कृषी महाविद्यालय सुरू झाले. पुढे महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८ मध्ये आणि अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठे निघाली, तेव्हा मराठवाड्याच्या हवामानाचे व मातीचे प्रश्न निराळे असल्याने या विभागास स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी जोर धरू लागली, आणि १८ मे १९७२ रोजी, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. त्या वेळच्या पाच जिल्ह्यांचे हे कार्यक्षेत्र जालना, लातूर आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या निर्मितीनंतर आठ जिल्ह्यांचे झाले. २०१३ साली, नाईक यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. स्थापनेनंतर काही आठवड्यांतच १९७२ च्या दुष्काळाची छाया महाराष्ट्रावर पडली, आणि नव्या संस्थेच्या पुढ्यात पहिला प्रश्न आला तो उत्पादन वाढविण्याचा नव्हे, तर पाऊस न पडल्यास काय वाचविता येईल याचा.

कृषी विद्यापीठाची कार्ये तीन असतात : शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण. यांपैकी ‘विस्तार शिक्षण’ म्हणजे वर्गाबाहेरील प्रौढ शेतकऱ्याला त्याच्या शेतावर, त्याच्या भाषेत आणि त्याच्या हंगामात दिलेले शिक्षण. हंगामी मेळावे हे त्याचेच अंग असून ते विस्तार शिक्षण संचालनालय आणि राज्याचा कृषी विभाग यांच्या संयुक्त विद्यमाने भरविले जातात. मेळाव्याचा ठरलेला क्रम असा की सकाळी उद्घाटन, प्रदर्शनाची पाहणी आणि प्रकाशने होतात, आणि त्यानंतर चर्चासत्रात पीकवार शास्त्रज्ञ बोलतात व शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देतात. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ हे मासिक आणि दरवर्षीची कृषी दैनंदिनी यांची विक्री येथे होते, आणि ती दैनंदिनी पुढे वर्षभर अनेक घरांत फवारणीच्या व खताच्या हिशेबाची वही म्हणून वापरली जाते. तरीही गर्दी ओढणारे मुख्य कारण बियाणे हेच आहे. सोयाबीनचे एमएयूएस-७१, तुरीचे बीडीएन-७११ अशा वाणांची पिशवी विद्यापीठातूनच न्यावी, या विश्वासाने शेतकरी मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून रांग लावतात. बियाण्याच्या ओढीने आलेला माणूस चर्चासत्रात बसतो आणि जाताना बियाण्याबरोबर बीजप्रक्रियेची रीतही घेऊन जातो, ही या मेळाव्याची खरी ताकद असून कोरड्या भाषणांच्या कार्यक्रमाला ती कधीच येऊ शकली नसती.

१८ मे ही तारीख फळबागेच्या दृष्टीने विशेष नेमकी ठरते. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि परभणी परिसरात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो, म्हणजे मेळाव्यानंतर शेतकऱ्याच्या हाती तीन आठवडे उरतात. नव्या बागेसाठी खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खोदून उन्हात तापू द्यावे लागतात, म्हणजे त्यांतील किडींचे कोष व बुरशी नष्ट होतात, आणि पाऊस येण्यापूर्वी ते चांगली माती, कुजलेले शेणखत व सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने भरावे लागतात. तेव्हा खड्डा किती खोल असावा, चुनखडीच्या जमिनीत मोसंबी लावावी की नाही, कलम कोणत्या खुंटावर बांधलेले निवडावे, हे विचारण्याची शेवटची उपयोगी वेळ हीच असते. ‘खुंट’ म्हणजे कलमाचा मुळाकडील भाग. मोसंबीसाठी रंगपूर लिंबू किंवा जंबेरी यांच्या रोपांवर डोळा भरतात, आणि जमिनीचा निचरा कसा आहे यावर खुंटाची निवड अवलंबून असते. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्यालाही खड्डे, कलमे आणि जोपासना यांसाठी अनुदान मिळू लागले, आणि त्यापूर्वी नदीकाठच्या मोजक्या बागायतदारांपुरता असलेला हा विषय सामान्य शेतकऱ्याच्या प्रश्नांत येऊन बसला.

बागेच्या सल्ल्यासाठी विद्यापीठाचा आधार केवळ परभणीतील प्रक्षेत्रांचा नाही. छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्र, अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र आणि नांदेडचे केळी संशोधन केंद्र ही त्याची दूरची अंगे आहेत. सीताफळाचा धारूर-६ हा वाण अंबाजोगाईच्या केंद्राचा. बालाघाटाच्या डोंगरातील रानझाडांतून निवड करून उभी राहिलेली ही वाट कोरडवाहू भागास सर्वांत शोभणारी म्हणावी लागेल, कारण तेथील झाडाने हलकी जमीन आणि कमी पाऊस शतकानुशतके आधीच सोसलेला आहे. मराठवाडा केशर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ या तिन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या गुणांची कायदेशीर नोंद झाली.

या मेळाव्यांच्या तीनही तारखा इतिहासातून आलेल्या आहेत : एक संस्थेच्या जन्माची, एक प्रदेशाच्या मुक्ततेची, एक स्त्रीशिक्षणाच्या अग्रणीच्या जन्माची. त्या ठरविताना फळझाडांचा विचार कोणी केला असण्याचे कारण नाही, तरीही त्या तीन बहारांच्या वेळापत्रकाशी आश्चर्य वाटावे इतक्या जुळतात. ‘बहार’ म्हणजे झाडाला एका ऋतूत येणारा फुलोरा आणि त्यापासून मिळणारे पीक. मोसंबी किंवा डाळिंब यांसारखी झाडे मोकळी सोडल्यास वर्षभर थोडी थोडी फुलतात आणि कोणतेच पीक धड पदरात पडत नाही, म्हणून बागायतदार काही आठवडे पाणी तोडून झाडाची वाढ थांबवतो, त्यास ‘ताण देणे’ म्हणतात. झाडात अन्नद्रव्याचा साठा होतो, पाने पिवळसर पडून गळू लागतात, आणि मग मशागत करून, खत देऊन पुन्हा पाणी सुरू केले की नव्या पालवीबरोबर एकवट फुले येतात. जून-जुलैच्या पावसावर फुटणारा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या सुमारास, येणारा तो आंबे बहार. १८ मे रोजी मृग बहाराचा ताण चालू असतो, १७ सप्टेंबरला हस्त बहाराचा निर्णय डोक्यावर आलेला असतो, आणि ३ जानेवारीला आंबे बहाराचा ताण तोडण्याची घटका जवळ आलेली असते.

तीनपैकी कोणता बहार धरावा, हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात निघतो आणि त्याचे उत्तर पाण्याच्या हिशेबातच शोधावे लागते. मृग बहाराला ताणाच्या वेळी पाणी लागत नाही आणि फुलोरा पावसावर येतो, पण मोसंबीचे फळ तयार होण्यास आठ-नऊ महिने लागत असल्याने फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहीर टिकली पाहिजे. आंबे बहाराला फुले व कोवळी फळे नेमकी उन्हाळ्यात असतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये खात्रीचे पाणी नसलेल्याने तो धरणे म्हणजे फळगळीस आमंत्रण देणे होय. हस्त बहारात पावसाळ्याच्या अखेरीस ताण द्यायचा असतो, आणि खोल काळ्या जमिनीत त्या दिवसांत ओल हटत नाही, त्यामुळे तो येथे बेभरवशाचा ठरतो. ताणाचा कालावधीही जमिनीप्रमाणे बदलतो. हलक्या जमिनीत साधारण दीड महिन्यात झाड ताणावर येते, तर भारी जमिनीत दोन महिने किंवा त्याहून अधिक लागतात. ताण तोडतानाचे पहिले पाणी हलके, म्हणजे आंबवणीचे, आणि त्यानंतरचे चिंबवणीचे असावे. एकदम भरपूर पाणी दिल्यास फुलांऐवजी पालवीच जोर धरते. ही गोष्ट व्याख्यानात दोन वाक्यांत सांगता येते, पण आपल्या बागेतील जमीन हलकी की भारी हे ठरविण्यासाठी शेतकऱ्याला मातीचा थर उकरून पाहावा लागतो, आणि तेथून पुढे मेळाव्याचे काम संपून प्रशिक्षणाचे काम सुरू होते.

१७ सप्टेंबरच्या रबी मेळाव्यात परभणी मोती ज्वारी, परभणी कुसुम करडई आणि हरभऱ्याचे वाण यांना प्राधान्य असते, कारण रबी ज्वारी व करडई यांची पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते. बागायतदारासाठी मात्र या दिवशीचा विषय पुढील आठ महिन्यांच्या ओलीची साठवण हा असतो. ‘आच्छादन’ म्हणजे झाडाच्या आळ्यात सोयाबीनचा भुसा, तुराट्या, गवत किंवा पाचट यांचा काही इंचांचा थर देऊन माती झाकणे. कोळपणी म्हणजे वरचा थर हलवून भेगा बुजवणे, जिच्याविषयी शेतकऱ्यांत ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ अशी म्हणच आहे. आणि विहीर पुनर्भरण म्हणजे शिवारातून वाहून जाणारे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडणे. कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पाने ही तंत्रे आणि रुंद वरंबा सरीची पद्धत विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर उभी करून दाखविली आहेत. या उपायांचे मोल साध्या आकड्यानेही पटते : सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या मोसंबीच्या एका झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर जमीन येते, आणि तेथे २५ मिलिमीटरचा एक पाऊस पडला की ९०० लिटर पाणी उतरते; ते बांधाबाहेर जाऊ द्यायचे आणि मे महिन्यात टँकरने विकत आणायचे, की आळ्यातच जिरवायचे, एवढाच काय तो प्रश्न असतो.

हाताने करून शिकण्याचा भाग लहान गटांत, आणि पुष्कळदा गावातच, पार पडतो. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे सत्र असून त्या काळात विद्यार्थी खेड्यांत जातात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया, माती नमुना घेणे, डोळा भरणे, मृदकाष्ठ कलम करणे आणि बोर्डो मिश्रण तयार करणे ही त्यांची नेहमीची प्रात्यक्षिके होत. यांपैकी बोर्डो मिश्रणाचे महत्त्व मोसंबीच्या पट्ट्यात फार आहे, कारण चिबड जमिनीत खोडातून डिंक ओघळणारा डिंक्या रोग सर्रास आढळतो. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून दोन्ही द्रावणे एकत्र करतात आणि एकूण पाणी १०० लिटर केले की एक टक्का तीव्रतेचे मिश्रण होते. तेवढीच द्रव्ये १० लिटर पाण्यात घेतली की बोर्डो पेस्ट होते, जी पावसाळ्यापूर्वी जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत खोडाला लावतात. लोखंडी खिळा किंवा विळा मिश्रणात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी. हा खिळा शेतकऱ्याने एकदा स्वतःच्या हाताने बुडवला की तो आयुष्यात विसरत नाही, आणि छापील घडीपत्रिकेपेक्षा प्रात्यक्षिक का श्रेष्ठ ठरते याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

३ जानेवारीचा महिला मेळावा या तिन्हींत सर्वांत अर्थपूर्ण मानावा लागेल. खुरपणी, वेचणी, तोडणी, रोपांना पाणी घालणे ही बागेतील कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात, तरी खरीप व रबी मेळाव्यांच्या गर्दीत त्यांची संख्या अल्प असते. स्वतंत्र दिवस दिल्यामुळे त्या प्रश्न विचारू लागल्या. परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाने, ज्याचे पूर्वीचे नाव गृहविज्ञान महाविद्यालय, शेतकरी स्त्रियांचे श्रम कमी करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम केले आहे. भेंडी तोडताना बोटांना खाज सुटते व कातडी सोलवटते, ही तक्रार वरकरणी क्षुल्लक भासते, परंतु दररोज दोन तास तोडणी करणाऱ्या बाईसाठी हातमोजे आणि लहान कातरी यांचा प्रश्न वाणाच्या प्रश्नाइतकाच मोठा असतो.

भेंडीचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. विद्यापीठाचे भाजीपाल्यातील सर्वांत नावाजलेले देणे म्हणजे १९८० च्या दशकात प्रसारित झालेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या केवडा रोगाने, ज्यास हळद्या असेही म्हणतात, पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्या काळी लोकप्रिय असलेल्या पुसा सावनी वाणाचे उभे पीक हातचे जात होते. परभणीच्या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी नातलग जातीशी केला आणि पुढे पुन्हा मूळ वाणाशी संकर करीत रोगप्रतिकार टिकवून खाण्यायोग्य शेंगेचा वाण स्थिर केला. तो संकरित बियाण्यासारखा दरवर्षी विकत घ्यावा लागणारा नसून सरळ वाण असल्याने घरच्या झाडाच्या चार शेंगा वाळवून पुढल्या वर्षाचे बी धरता येते, आणि त्यामुळेच परसबागेत, म्हणजे घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेल्या भाजीच्या वाफ्यात, त्याने दीर्घकाळ स्थान मिळविले. पुढे विषाणूही बदलत गेला आणि या वाणाचा प्रतिकार पूर्वीइतका राहिला नाही. तरी देशभरच्या भेंडी संशोधनात तो प्रतिकारक्षमतेचा आधार म्हणून वापरला गेला. परभणीच्या नावाने ओळखली जाणारी ही भाजी परभणीबाहेर कितीतरी दूरच्या वाफ्यांत रुजली, ही गोष्ट जिल्ह्याने अभिमानाने सांगण्याजोगी आहे.

२०१२ नंतरच्या काही वर्षांनी या सर्व शिकवणुकीची कठोर परीक्षा घेतली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना परिसरातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, २०१४ व २०१५ मध्ये लागोपाठ पाऊस कमी झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या काळाच्या उत्तरार्धात कुलगुरुपदी डॉ. बी. वेंकटेश्वरलू होते, ज्यांनी त्यापूर्वी हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविले होते. या दिवसांत मेळाव्यांतील चर्चेचा सूरच बदलला. उत्पन्न बाजूला राहिले आणि झाड कसे जगवावे हा एकच विषय उरला. बहार धरू नये, आलेली फळे काढून टाकावीत, छाटणी करून पानांचा भार कमी करावा, खोडाला बोर्डो पेस्ट लावावी, आठ टक्के केओलीनची फवारणी करावी (केओलीन ही पांढरी चिकणमाती असून तिच्या थराने ऊन परावर्तित होऊन पानांतून उडणारे पाणी घटते), जाड आच्छादन द्यावे आणि असेल ते पाणी मडक्याने किंवा ठिबकने मुळाशी द्यावे, अशी ती शिकवण होती. जो शेतकरी मेळाव्यापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत जाण्यासाठी ‘विद्यापीठ आपल्या दारी, तंत्रज्ञान शेतावरी’ हा उपक्रम चालविला गेला, ज्यात शास्त्रज्ञांची पथके गावोगाव जाऊन बांधावर सल्ला देतात.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे मेळावे दूरदृश्य पद्धतीने घ्यावे लागले. घरी बसलेल्या शेतकऱ्याला व्याख्याने मिळाली, मात्र रोगट फांदी शास्त्रज्ञाच्या हाती देऊन ‘हे काय आहे?’ असे विचारण्याची सोय राहिली नाही. १८ मे २०२२ रोजी विद्यापीठाने पन्नास वर्षे पूर्ण केली.

या वाटचालीचे मूल्यमापन करताना एक मत नोंदविणे भाग आहे. एकदिवसीय मेळाव्याने बियाणे, वाण आणि हंगामाची दिशा उत्तम प्रकारे पोहोचते, परंतु छाटणी, कलम बांधणे आणि ताणाचे नियोजन ही कौशल्ये एका दिवसात येत नाहीत. त्यांसाठी एकाच गटाने एकाच बागेत वर्षातून तीन वेळा, तीन बहारांच्या वेळी, एकत्र येणे हाच मार्ग दिसतो, आणि तीन तारखा हाती असताना ते योजणे अवघड नाही. विशेषतः महिला मेळाव्यास येणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला अशी वर्षभराची शिकवणी आली पाहिजे.

तोपर्यंत मेळाव्यास येणाऱ्या प्रत्येक बागायतदारास विनंती इतकीच की त्याने रिकाम्या हाताने येऊ नये. बागेतील एक फूट आणि दोन फूट खोलीवरची माती वेगवेगळ्या पुडीत, रोगट फांदी पानांसह कागदात गुंडाळून, आणि विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते याचा खरा आकडा वहीत लिहून आणावा. या तीन गोष्टी समोर ठेवल्या की मृग बहार धरावा की आंबे बहार, याचे उत्तर शास्त्रज्ञाला तेथल्या तेथे देता येते.